ओढणे आणि आवरणे: चाकांवरच्या घराचा व त्याच्या वाहनाचा इतिहास

#थ्रेड

१/
१९४७ सालचे एक छायाचित्र अमेरिकेत विलक्षण गाजले. चकचकीत ॲल्युमिनियमचा एक मोठा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे स्वयंपाकघर व बिछान्यांसह सजलेले चाकांवरचे घर, रस्त्यावर उभा आहे आणि तो ओढत आहे एक सायकलस्वार. हा सायकलस्वार म्हणजे विख्यात फ्रेंच शर्यतपटू आल्फ्रेड लेतुर्नर. ट्रेलर होता ‘एअरस्ट्रीम’ कंपनीचा. सायकलनेही ओढता येईल इतका हलका ट्रेलर, असा त्या जाहिरातीचा आशय होता. पुढे तेच चित्र कंपनीचे बोधचिन्ह बनले.

२/
छायाचित्रात लबाडी नव्हती. कडक, सपाट रस्त्यावर रबरी टायरांचे वाहन संथपणे ओढण्यास त्याच्या वजनाच्या साधारण एक-दोन टक्के इतकेच बल लागते. एक टनाच्या ट्रेलरसाठी दहा-वीस किलोंचा जोर झाला. कसलेल्या सायकलपटूला तो अवघड नाही. परंतु रस्त्याला सहा टक्क्यांचा चढ लागला की त्यात आणखी साठ किलोंची भर पडते. आणि त्याच रस्त्याच्या उतारावर? तेथे ट्रेलर सायकलस्वाराला ढकलू लागेल. मग त्याला आवरणार कोण?

३/
चाकांवरच्या घराचा इतिहास बहुधा ‘ओढण्याचा’ इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो ‘आवरण्याचा’ इतिहास आहे. घर कोणते घ्यावे आणि त्यापुढे कोणते वाहन जोडावे, हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे, हे समजण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. विकत घेणाऱ्यांपैकी अनेकांना ते आजही घाटात पोहोचल्यावर समजते.

४/
प्रारंभ घोड्यांपासून होतो. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलातील निवृत्त शल्यचिकित्सक आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टल वॅगन वर्क्स या कारखान्याकडून केवळ आनंदप्रवासासाठी एक कॅराव्हॅन बांधून घेतली. तिचे नाव ‘वाँडरर’. इंग्लंडमधील ट्वायफर्डहून स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंतच्या या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले. १३०० मैल हा आकडा त्याच्या शीर्षकातच आहे.

५/
‘वाँडरर’चे वजन सुमारे दोन टन आणि तिला घोडे दोन. प्राण्यांच्या युगात वाहनाची निवड चुकली तर ती लगेच उघडी पडे: घोडा थकतो, थांबतो, चढावर अडून बसतो. उतारावर भार घोड्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून जड गाड्यांच्या चाकाखाली लोखंडी पायताण सरकवीत. ओढणाऱ्याची क्षमता आणि आवरण्याची सोय या दोन्ही गोष्टी गाडीवानाच्या डोळ्यांसमोर असत. इंजिन मात्र अडून बसत नाही. ते ओढत राहते आणि चूक लपवून ठेवते.

६/
बैलगाडीच्या व्यवहारातून मराठीला मिळालेला एक नेमका शब्द येथे आठवावा: ‘उलाळ’. गाडीत मागच्या बाजूस भार अधिक झाला की दांडी वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून उठू लागते. अशी गाडी उलाळ झाली म्हणतात. उलट भार फार पुढे आला तर तो बैलांच्या मानेवर बसतो. म्हणून जाणता गाडीवान माल भरताना दांडीवर बेताचाच भार येईल असे पाहतो. मोटारीने ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरचे अर्धे शास्त्र या एका शब्दात सामावले आहे.

७/
पहिल्या महायुद्धानंतर मोटार मध्यमवर्गाच्या हाती आली. १९१९ साली ब्रिटनमध्ये ‘एकल्स’ कंपनीने मोटारीमागे जोडावयाच्या कॅराव्हॅन विक्रीसाठी बनविण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेत फ्लोरिडातील टॅम्पा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही मोटार-भटक्यांची संघटना स्थापन झाली. हे लोक फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांना तंबू आणि घरी ठोकलेल्या पेट्या जोडून हिंडत. मॉडेल टीचे इंजिन अवघे वीस अश्वशक्तीचे. गती इतकी मंद की चुकीची शिक्षाही सौम्यच होई.

८/
पुढच्या दशकात गती वाढली आणि अभियंत्यांचे लक्ष जोडाकडे गेले. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस ‘एरोकार’ हा ट्रेलर आणला. त्याचा जोड मोटारीच्या शेपटीला नव्हता. विमानाचे एक टायर मोटारीच्या मागील भागात आडवे बसवून ट्रेलरचा खुंटा त्याच्या मध्यभागी अडकविलेला असे. हवेने भरलेले टायर धक्के गिळून टाकी आणि ट्रेलरचा भार थेट मागच्या चाकांच्या परिसरात उतरे.

९/
कर्टिस यांनी जे ओळखले त्याचे महत्त्व असे. नेहमीचा जोड, ज्याला ‘हिच’ म्हणतात, मोटारीच्या मागच्या आसाच्याही मागे, बंपरपाशी असतो. ट्रेलर डावी-उजवीकडे झुकला की तो मोटारीची शेपटी तरफेसारखी ढकलतो. जोड जितका आसाच्या मागे, तितकी ही तरफ लांब. तो आसावर आणला की तरफच उरत नाही. आजचे ‘फिफ्थ व्हील’ जातीचे मोठे ट्रेलर पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसावर जोडले जातात, ते याच तत्त्वावर.

१०/
आवरण्याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे ब्रेक. अमेरिकी संशोधक आर्थर वॉर्नर यांनी १९२७ साली विस्कॉन्सिनमधील बेलॉइट येथे ट्रेलरसाठी विजेवर चालणारे ब्रेक बनविणारी कंपनी सुरू केली. पुढचे वाहन थांबू लागले की मागचा ट्रेलर स्वतःच्या चाकांवर स्वतः थांबू लागावा, ही यामागील कल्पना. ट्रेलरला ब्रेक नसतील तर त्याचे सारे वजन मोटारीच्या ब्रेकांवर येते. आणि वेग दुप्पट झाला की थांबविण्याची ऊर्जा चौपट होते.

११/
१९३० नंतर ट्रेलरची लाटच आली. डेट्रॉइटमधील आर्थर शर्मन हे जंतुशास्त्रज्ञ. विकत घेतलेल्या घडीच्या ट्रेलरने पावसात दगा दिल्यावर त्यांनी लाकडी पेटीसारखा साधा, टणक ट्रेलर स्वतः बनवून घेतला. १९३०च्या डेट्रॉइट मोटार प्रदर्शनात मांडलेला त्यांचा ‘कव्हर्ड वॅगन’ सहा वर्षांत देशातील सर्वांत मोठ्या ट्रेलर कंपनीचे नाव बनला. मंदीने घरे गमावलेल्या कित्येक कुटुंबांना ट्रेलर हा सहलीचा विषय राहिला नव्हता; तो निवारा होता. साहजिकच त्यात संसाराचे सारे ओझे भरले जाई.

१२/
दुसरी वाट वजन घटविण्याची होती. हॉली बोलस हे ग्लायडरचे रचनाकार. लिंडबर्ग यांचे ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ विमान जेथे बांधले गेले त्या रायन कारखान्यात त्यांनी काम केले होते. १९३४ साली त्यांनी विमानाच्या धर्तीवर ॲल्युमिनियमचा ‘रोड चीफ’ बनविला. त्याचे दार पुढे, नेमके ओढदांडीच्या वर होते. बोलस यांचा धंदा बुडाला. परंतु वॉली बायम यांनी ती कल्पना उचलली, दार बाजूला आणले आणि १९३६ साली १२०० डॉलरला ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आणला. सायकलच्या छायाचित्रामागे ही परंपरा होती.

१३/
महायुद्धानंतर अमेरिकी मोटारी लांब, जड आणि शक्तिमान झाल्या, तसे ट्रेलरही वाढले. १९५४ साली आलेला ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ हा विनोदी चित्रपट या हौसेचे मार्मिक दर्शन घडवितो. लुसिल बॉल आणि देसी अर्नाझ यांचे नवविवाहित जोडपे छत्तीस फुटी ट्रेलर घेते. नायिका प्रत्येक मुक्कामाची आठवण म्हणून दगड गोळा करून ट्रेलरमध्ये लपवीत जाते. शेवटी पर्वताचा चढ येतो आणि त्या दगडांचे वजन जिवावर बेतते. प्रेक्षक हसले, परंतु ट्रेलरधारकांना ही कथा ओळखीची वाटली असणार. कारण दगड नसले तरी भांडी, पुस्तके, अवजारे आणि पाणी प्रत्येकाच्या ट्रेलरमध्ये असतेच.

१४/
याच काळात भार वाटणारा हिच प्रचारात आला. साध्या हिचवर जड दांडी टेकली की मोटारीची शेपटी बसते आणि पुढची चाके हलकी होतात. म्हणजे वळविण्याचे आणि थांबविण्याचे बहुतांश काम करणाऱ्या चाकांचीच पकड कमी होते. नव्या हिचमध्ये दोन पोलादी स्प्रिंगदांड्या ताणून बसविल्या जातात. त्या उलटा रेटा देतात आणि दांडीच्या भाराचा काही हिस्सा पुढच्या चाकांकडे, काही ट्रेलरच्या चाकांकडे परत जातो. भार यामुळे नाहीसा होत नाही. तो केवळ वाटला जातो.

१५/
१९५९-६० मध्ये बायम यांनी एक्केचाळीस एअरस्ट्रीम ट्रेलरांचा तांडा केपटाउनहून कैरोपर्यंत नेला. जाहिरातीत सायकल होती. आफ्रिकेच्या चिखलवाटांवर मात्र ट्रेलरपुढे दणकट ट्रकजातीची वाहने जोडलेली होती. सायकलच्या चित्राने जे सांगितले नाही ते या वाहनांच्या निवडीने सांगितले.

१६/
त्यानंतर घडलेला मोठा बदल ट्रेलरच्या कारखान्यात घडला नाही. तो तेलाच्या बाजारात आणि कायदेमंडळात घडला. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ साली इंधनबचतीचा कायदा केला आणि १९७८च्या मॉडेलांपासून मोटारींना सरासरी मायलेजचे बंधन आले. मोटारी आखूड, हलक्या आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या झाल्या. ज्या चाकांवरचा भार दांडीमुळे उचलला जातो, त्याच चाकांवर आता इंजिनाची ओढही अवलंबून राहिली. हलक्या ट्रकांसाठी नियम तुलनेने सैल होते. ट्रेलर ओढण्याचे काम घरगुती मोटारीकडून पिकअप आणि एसयूव्हीकडे सरकले, त्यामागे हेही एक कारण होते.

१७/
पिकअप उत्पादकांत मग आकड्यांची चढाओढ लागली. प्रत्येक कंपनी आपले वाहन किती ओढते हे आपल्याच पद्धतीने ठरवी. समान कसोटी आली ती २००८ साली, ‘एसएई जे२८०७’ या मानकाने. ॲरिझोनातील डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ, बाहेर किमान १०० अंश फॅरेनहाइट उष्णता, वातानुकूलन पूर्ण चालू, आणि एकेरी मागच्या चाकांच्या वाहनाने पूर्ण भारासह ताशी ४० मैलांच्या खाली न येणे, अशी ती परीक्षा. त्यात ब्रेक आणि स्थैर्य यांच्याही चाचण्या आहेत. टोयोटाने ती सर्वप्रथम, २०११च्या मॉडेलांसाठी स्वीकारली आणि तिच्या ‘टुंड्रा’ पिकअपचा जाहीर आकडा खाली आला. इतर मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आल्या.

१८/
तरीही सायकलच्या चित्राचा मोह सुटला नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘एंडेव्हर’ हे निवृत्त अंतराळयान लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून संग्रहालयाकडे चालले होते. एका पुलावरून ते टोयोटाच्या टुंड्रानेच ओढून नेले. भार सुमारे १३० टन. त्या पिकअपची अधिकृत ओढक्षमता पाच टनांच्या आतली. दोहोंत विरोध नाही: पुलावर वेग माणसाच्या चालण्याइतका होता, अंतर थोडे होते, चढ-उतार नव्हता. अधिकृत आकडा ओढण्याइतकाच आवरण्याचाही असतो.

१९/
ओढदांडीवर किती भार असावा, याचे उत्तर अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असे दिले जाते. ट्रेलर ‘उलाळ’ झाला तर काय होते? मंद गतीत काहीच नाही. प्रत्येक जोडीला एक मर्यादावेग असतो. त्याखाली वाऱ्याच्या झोताने आलेले हेलकावे आपोआप शमतात. त्यावर ते प्रत्येक फेरीत वाढत जातात. शेपटीकडे भार गेला की हा मर्यादावेग खाली येतो. मग शेजारून जाणाऱ्या ट्रकची हवाही ट्रेलर आणि मोटार दोन्ही उलटविण्यास पुरते.

२०/
अशा वेळी चालकाच्या सहजप्रवृत्ती घातक ठरतात. वेग वाढवून ट्रेलर सरळ करू पाहणे म्हणजे मर्यादेच्या आणखी वर जाणे. मोटारीचा ब्रेक जोराने दाबला की मागचा ट्रेलर पुढच्या वाहनाला आणखी वाकडे रेटतो. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडणे आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने स्वतंत्रपणे लावणे, हा मान्य उपाय. मागून लावलेला ब्रेक जोडीला ताणून सरळ करतो. अलीकडच्या वाहनांत संगणक हे काम काही अंशी करतो. चुकीची जोडी मात्र तो बरोबर करू शकत नाही.

२१/
युरोपात दांडीवरचा भार बराच कमी, साधारण पाच ते सात टक्के ठेवतात आणि लहान मोटारींनी कॅराव्हॅन ओढतात. यात विसंगती नाही. तेथील कॅराव्हॅन हलक्या असतात, जड सामान आसाच्या जवळ ठेवण्याचा दंडक असतो आणि ओढताना वेगमर्यादा कमी असते. जर्मनीत सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटर. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना दिला जाणारा सल्ला असा की कॅराव्हॅनचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावे. अमेरिकेने जड दांडी आणि जड वाहन निवडले, युरोपाने हलका भार आणि मंद गती. दोन्हीकडे स्थैर्याची किंमत मोजलेलीच आहे.

२२/
या इतिहासाचा व्यावहारिक अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होतो. समजा, दुकानातील ट्रेलर २२०० किलोंचा आहे. त्यात १५० लिटर पाणी, गॅसच्या टाक्या, बॅटरी, भांडी, कपडे, खुर्च्या भरल्यावर तो २७०० किलोंवर जातो. दांडीवरचा भार १२ टक्के धरला तर ३२४ किलो. हा भार ट्रेलरचा असला तरी तो वाहून नेतो पुढचा आस-सांगाडाच. म्हणून तो वाहनाच्या भारक्षमतेतून वजा होतो.

२३/
वाहनाच्या जाहिरातीत ‘३२०० किलो ओढते’ असे आहे. ते पाहून ग्राहक निश्चिंत होतो. परंतु चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टी सांगते की माणसे व सामान मिळून भार ५५० किलोंपेक्षा अधिक नसावा. चार माणसे २८० किलो, गाडीतले सामान ६० किलो, हिच ४० किलो: एकूण ३८०. दांडीसाठी उरले १७० किलो. हवे आहेत ३२४. उलट हिशेब केला तर या कुटुंबासाठी हे वाहन सुमारे १४०० किलोंचाच ट्रेलर नेऊ शकते. जाहिरातीतील आकडा खोटा नव्हता. त्या मानकाच्या चाचणीत गाडीत दोनच माणसे धरलेली असतात, प्रत्येकी सुमारे ६८ किलोंची.

२४/
म्हणून जाणकार निवडीचा क्रम उलटा धरतात. आधी भरलेल्या ट्रेलरचे खरे वजन, त्यावरून दांडीवरचा भार, त्यात माणसे आणि सामान. आणि या बेरजेला पुरेल असे वाहन सर्वांत शेवटी. वाहन आधीच दारात असेल तर दाराच्या चौकटीवरील पट्टीपासून मागे येत ट्रेलर ठरवावयाचा. दोन्ही वाटांचा शेवट वजनकाट्यावरच होतो: पाणी आणि सामान भरून, माणसे बसवून, प्रत्येक आस वेगळा तोलून.

२५/
डॉ. स्टेबल्स यांना दोन टनांसाठी किती घोडे लागतील हे घोड्यांनीच सांगितले असते. इंजिनाने ती विचारणा माणसावर सोपविली. तेव्हापासून हिच, विजेचे ब्रेक, स्प्रिंगदांड्या, मानके आणि दारावरची पट्टी हे सारे त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधत आले: मागचे घर जेव्हा पुढच्या वाहनाला ढकलू लागेल, तेव्हा ते आवरले जाईल काय? घर पसंत करताना आतील बिछाने आणि ओटा पाहिला जातो, ते स्वाभाविक आहे. त्यापूर्वी दांडीखाली काटा ठेवून पाहिला, तर त्या बिछान्यांवर झोपणाऱ्यांचा घाट सुखरूप उतरेल.

(समाप्त)